बैलाचं इंजेक्शन, गिधाडाचं मूत्रपिंड

मी पशुवैद्यक आहे. नोकरीची पहिली वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात गेली, ती नव्वदीच्या दशकाच्या अखेरीची. तेव्हा माझ्या बॅगेत कायम असायच्या अशा चार-पाच बाटल्यांमध्ये एक ३० मिलिलिटरची, रबरी बुचाची बाटली होती. डायक्लोफिनॅक सोडियम, दर मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम.

पेरणीच्या तोंडावरचा एक दिवस मला अजून आठवतो. बैलाचा पुढचा पाय गुडघ्यापाशी सुजला होता. तो खुंट्याला बांधलेला, मान खाली, समोरचा कडबा तसाच पडलेला. मालक म्हणाला, "साहेब, उद्या वापसा होतोय. एवढा उभा करा." मी बैलाच्या मानेत १२ मिलिलिटर दिलं. संध्याकाळी परतताना त्याच रस्त्याने गेलो तर बैलाने वैरण धरली होती आणि पायावर भार देत होता. मालकाच्या बायकोने चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. औषध काय करतं हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि मुक्या जनावराच्या डोळ्यातला ताण उतरताना बघणं वेगळं. त्या औषधावर माझा विश्वास बसला आणि तो खोटा नव्हता.

त्याच औषधाने भारतीय उपखंडातली गिधाडं जवळजवळ संपवली. डायक्लोफिनॅकचं हे प्रकरण मी गेली कित्येक वर्षं तरुण पशुवैद्यकांना सांगत आलो आहे. आता ते सविस्तर लिहून ठेवतो. औषध कसं बनलं आहे, शरीरात कसं फिरतं, कुठे उपयोगी पडतं आणि कुठे घात करतं, हे सगळं या एका प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

औषध

डायक्लोफिनॅक सीबा-गायगी या स्विस कंपनीच्या संशोधनातून तयार झालं. आल्फ्रेड सालमन आणि रुडॉल्फ फिस्टर ही त्या कामाशी जोडलेली दोन नावं. बाजारात ते १९७०च्या दशकात व्होल्टारेन या नावाने आलं. रेणू लहानच आहे: १४ कार्बन, ११ हायड्रोजन, २ क्लोरीन, १ नायट्रोजन, २ ऑक्सिजन. रेणुभार सुमारे २९६. दोन बेंझिन कड्या एका नायट्रोजनने जोडलेल्या, त्यातल्या एकीला आम्लाचं शेपूट आणि दुसरीला दोन क्लोरीन.

हे दोन क्लोरीन उगाच नाहीत. नायट्रोजनच्या जोडाला लागून दोन्ही बाजूंना ते बसलेले असतात, त्यामुळे दुसरी कडी पहिलीच्या पातळीत राहू शकत नाही, पीळ खाते. तो पिळलेला आकार शरीरातल्या सायक्लोऑक्सिजनेज या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, पोकळीत नेमका बसतो. पेशीला इजा झाली की तिच्या आवरणातून ॲराकिडोनिक आम्ल सुटतं आणि हा विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनवण्याचं काम सुरू करतो. सूज, लाली, ताप, ठणका या सगळ्यामागे प्रोस्टाग्लँडिन असतात. पोकळीत डायक्लोफिनॅक जाऊन बसलं की कारखाना थंड पडतो आणि बैल पायावर भार देतो.

माणसात याचे उपयोग सगळ्यांना ठाऊक आहेत: संधिवात, पाठदुखी, मुतखड्याची कळ, पाळीतलं दुखणं, दाढ काढल्यावरचा ठणका, शस्त्रक्रियेनंतरची वेदना. ५० मिलिग्रॅमची गोळी, ३ मिलिलिटरमध्ये ७५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन, चोळायचं जेल. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. रेणू सौम्य आम्लधर्मी असल्यामुळे जठराच्या आम्लात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून गोळीला असं आवरण देतात की ती जठर ओलांडून आतड्यात गेल्यावरच फुटते. रक्तात शिरल्यावर ९९ टक्क्यांहून जास्त औषध प्रथिनांना चिकटून फिरतं. माणसाचं यकृत ते भराभर मोडतं आणि रक्तातलं प्रमाण एक-दोन तासांत निम्म्यावर येतं. सुजलेल्या सांध्यातल्या द्रवात मात्र ते त्याहून बराच वेळ टिकतं, म्हणून रक्तातून ओसरल्यावरही गुडघ्याला आराम वाटत राहतो.

याच प्रोस्टाग्लँडिनांची शरीराला चांगल्या कामांसाठीही गरज असते. जठराचं अस्तर शाबूत राखणं हे एक काम, आणि शरीरात पाणी कमी पडलं तरी मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा चालू ठेवणं हे दुसरं. म्हणूनच या गोळ्या घेणाऱ्याला अल्सर होऊ शकतो. म्हणूनच जुलाबाने सुकलेल्या किंवा आधीच मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाला ही सुई देताना डॉक्टर दोनदा विचार करतात. हृदयविकार असलेल्यांनाही ती टाळायला सांगतात. मूत्रपिंडाचा हा मुद्दा वाचकाने लक्षात ठेवावा. पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

जनावरांत ते का आलं

गोठ्यात दुखण्यांना तोटा नाही. खुरकुतीत तोंड आणि खूर सोलून निघतात, म्हशीला दगडी होऊन कास दगडासारखी होते, वीत झाल्यावर ताप भरतो, म्हातारी गाय उठू शकत नाही. अशा वेळी ताप आणि वेदना उतरवणारं स्वस्त औषध हे शेतकऱ्याचं मोठं साधन असतं. भारतात १९९३-९४च्या सुमारास जनावरांसाठीचं स्वस्त डायक्लोफिनॅक बाजारात पसरू लागलं. अनेक कंपन्या ते बनवायच्या. कामाला पटकन लागू पडायचं. दुकानदार चिठ्ठी न बघता द्यायचा आणि गावातला सुई टोचणारा कुणीही ते देऊ शकायचा.

आपल्या देशातली एक गोष्ट इथे फार महत्त्वाची ठरली. बरी न होणारी गाय आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कापली जात नाही. तिला शेवटपर्यंत सांभाळतात, तिला त्रास कमी व्हावा म्हणून वेदनाशामक देतात आणि ती गेली की गावाबाहेर टाकतात. म्हणजे मरणाच्या दाराशी असलेल्या जनावराला औषध मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. आणि तेच जनावर दोन दिवसांत गिधाडांसमोर पडण्याची शक्यताही सर्वांत जास्त.

औषधाबद्दल आम्ही शिकलो ते जनावर बरं होईपर्यंत किंवा मरेपर्यंतचं. दुधासाठी किती दिवस थांबायचं, हे आम्हाला माहीत असायचं, कारण दूध माणूस पितो. मेलेल्या जनावराचं मांस कोण खातं, हा प्रश्न आमच्या कुठल्याच परीक्षेत नव्हता.

गिधाडं कुठे गेली

माझ्या लहानपणी ढोरफोडीच्या जागेवर गिधाडं उतरताना आवाज यायचा. घोंगडी झटकल्यासारखा, एकामागून एक. एका म्हशीवर शंभर-शंभर पक्षी. कातडं काढून झालं की काही वेळात फक्त सांगाडा उरायचा, तोही स्वच्छ, आणि हाडं गोळा करणारे येऊन तो घेऊन जायचे. आम्हाला त्या पक्ष्याची किळस वाटायची. नाशिक जिल्ह्यात इगतपुरीजवळच्या सर्वतीर्थ टाकेदला जटायूची आठवण म्हणून लोक हात जोडतात आणि त्याच्याच वंशाचं गिधाड आपल्या भाषेत शिवी होऊन बसलं आहे. हे मला नेहमी खुपतं.

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश गिधाडांची घरटी मोजत होते. १९८०च्या दशकातले आकडे त्यांच्यापाशी होते. नव्वदीच्या मध्यात त्याच जागी पुन्हा मोजदाद केली तेव्हा घरटी झपाट्याने घटलेली, पक्षी फांद्यांवर माना खाली टाकून बसलेले, काही झाडाखाली मरून पडलेले. १९९९ मध्ये त्यांनी ते छापलं. मग देशभर रस्त्यांवरून मोजणी झाली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीचं गिधाड ९९.९ टक्क्यांनी घटलं. म्हणजे हजारातलं एक उरलं. लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून सुमारे ९७ टक्के घट. एवढ्या झटपट एवढा मोठा पक्षी संपल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत.

चुकीचा संशय

आधी सगळ्यांचा संशय रोगावर होता आणि मला तो अजूनही रास्त वाटतो. मान खाली टाकणारा, सुस्त झालेला, मग मरणारा पक्षी बघितला की कुणीही विषाणूच शोधेल. कीटकनाशकं तपासली, जड धातू तपासले, अन्नाचा तुटवडा पडला का तेही बघितलं. अन्न तर भरपूर होतं, उलट न खाल्लेली जनावरं कुजत पडत होती. मेलेली गिधाडं पुण्याजवळच्या कोंबड्यांच्या रोगांच्या प्रयोगशाळेतही तपासली गेली. शवविच्छेदनात आतली इंद्रियं पांढऱ्या खडूसारख्या थराने माखलेली दिसत होती. याला व्हिसरल गाउट म्हणतात, म्हणजे आतल्या इंद्रियांवर युरिक आम्लाचे स्फटिक जमणं. ते दिसत होतं, पण ते कशामुळे होतं ते कळत नव्हतं. २००३ मध्ये भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांच्या एका निबंधात संसर्गजन्य रोगाचीच शक्यता मांडली होती.

उत्तर सीमेपलीकडून आलं. पाकिस्तानच्या पंजाबात पेरेग्रीन फंड ही संस्था तिथल्या पक्षी अभ्यासकांबरोबर काम करत होती आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातले पशुवैद्यकीय विकृतिशास्त्रज्ञ लिंडसे ओक्स प्रयोगशाळेची बाजू बघत होते. त्यांनी विषाणू शोधले, सापडले नाहीत. विषं शोधली, सापडली नाहीत. मग त्यांनी प्रश्न फिरवला. मेलेल्या पक्ष्यांचं मूत्रपिंड निकामी झालेलं आहे आणि हे पक्षी खातात ती पाळीव जनावरं. मग पाळीव जनावरांना दिलं जाणारं, मूत्रपिंडाला बाधू शकणारं, तोंडावाटे शोषलं जाणारं आणि अलीकडेच वापरात आलेलं असं काय आहे? पशुवैद्यक आणि औषधांची दुकानं यांच्याकडे चौकशी केली. या सगळ्या अटींत बसणारं एकच औषध निघालं.

मग तपासणी झाली. गाउट होऊन मेलेल्या २५ गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक होतं, पंचवीसच्या पंचवीस. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांत एकातही नव्हतं. ज्यांना परत आकाशात सोडणं शक्य नव्हतं अशा पाळलेल्या गिधाडांना औषध दिलेल्या म्हशींचं आणि बकऱ्यांचं मांस खाऊ घातलं. वीसपैकी तेरा मेली आणि त्यांच्या पोटात तोच खडूसारखा थर निघाला. मे २००३ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत हे जाहीर झालं आणि २००४च्या सुरुवातीला नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. लगेच भारत आणि नेपाळमधल्या मेलेल्या गिधाडांतही तेच औषध सापडलं.

पशुवैद्यकांच्या बैठकीत मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेले ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशा औषधाने? शक्य नाही." मलाही तेच वाटलं होतं. बारा मिलिलिटर सुई, तीनशे किलोचा बैल, आणि त्यातलं मांस खाणारा पक्षी. मनात हिशेब बसत नव्हता. तो कागदावर मांडल्यावर बसला.

हिशेब

बैलाला दर किलो वजनामागे साधारण १ मिलिग्रॅम द्यायचो, म्हणजे तीनशे किलोला ३०० मिलिग्रॅम. पांढऱ्या पाठीचं गिधाड साडेचार-पाच किलोचं. या पक्ष्यांपैकी निम्म्यांचा जीव घेणारी मात्रा दर किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास निघाली. म्हणजे एका गिधाडासाठी अर्धा ते एक मिलिग्रॅम. आपण गुडघा दुखला की घेतो ती एक गोळी ५० मिलिग्रॅमची असते.

दुसरा भाग वेळेचा. माणसात हे औषध एक-दोन तासांत निम्म्यावर येतं, पण भारतीय गायींवर केलेल्या अभ्यासात ते रक्तात निम्म्यावर यायला सुमारे १२ तास लागले. यकृत, मूत्रपिंड आणि आतडी यांत ते शेवटच्या सुईनंतर तीन दिवसांपर्यंत सापडत होतं. गिधाडं सर्वांत आधी तुटून पडतात ती नेमकी याच मऊ भागांवर. तीन दिवसांच्या आत मेलेलं जनावर म्हणजे विषाचं ताट. चार-पाच दिवसांनी मेलेलं बरंचसं निर्धोक.

तिसरा भाग मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. संशोधकांनी गणिताने काढलं की दर हजार मेलेल्या जनावरांत एखाद्यापासून सात-आठ जनावरांत घातक प्रमाण असलं, तरी गिधाडं ज्या वेगाने घटली त्याचा पुरता उलगडा होतो. कारण एका शवावर शंभर पक्षी जेवतात आणि प्रत्येक पक्षी वर्षभरात शेकड्याच्या घरात जेवणं घेतो. कधी ना कधी विषाचं ताट समोर येणारच. २००४-०५ मध्ये भारतात गोळा केलेल्या १,८४८ मृत जनावरांच्या यकृतांपैकी १० टक्क्यांत डायक्लोफिनॅक सापडलं. एक टक्काही पुरेसा होता, तिथे हे दहा.

मूत्रपिंडात काय होतं

आपण नायट्रोजनचा कचरा युरियाच्या रूपाने टाकतो. युरिया पाण्यात सहज विरघळतो. पक्षी तो युरिक आम्लाच्या रूपाने टाकतात. पक्ष्याच्या विष्ठेतला पांढरा भाग तोच. युरिक आम्ल पाण्यात फार थोडं विरघळतं, म्हणून पक्ष्याच्या मूत्रपिंडातल्या नलिकांना ते रक्तातून ओढून बाहेर ढकलण्याचं काम अखंड करावं लागतं. गिधाड मांसावरच जगतं, त्यामुळे कचराही मोठा.

डायक्लोफिनॅक याच नलिकांच्या पेशी मारतं. ढकलण्याचं काम थांबतं, रक्तातलं युरिक आम्ल चढत जातं आणि एका टप्प्यानंतर ते रक्तात मावत नाही. हृदयाच्या पिशवीवर, यकृतावर, मूत्रपिंडात त्याचे स्फटिक जमू लागतात. दीड-दोन दिवसांत पक्षी मान टाकतो आणि मग मरतो. शेवटच्या दिवसापर्यंत बाहेरून जखम नाही, रक्त नाही.

आता हीच सुई अमेरिकेतल्या टर्की व्हल्चर या गिधाडाला दिली तर? दिली गेली. आपल्या गिधाडाला मारणाऱ्या मात्रेच्या शंभरपटीहून जास्त देऊनही त्या पक्ष्याला काही झालं नाही. नाव गिधाडाचंच असलं तरी ते घराणं वेगळं आहे. विषारीपणा रेणूच्या अंगात कोरलेला नसतो. रेणू आणि त्याला भेटणारं शरीर या दोघांच्या गाठीत तो ठरतो. आपली गिधाडं ज्या जिप्स नावाच्या गटातली आहेत त्यांच्या शरीरात हे औषध मोडण्याचं काम फार हळू चालतं आणि तेवढ्या वेळात नलिका संपतात. मेलॉक्सिकॅम हे त्याच कामाचं दुसरं वेदनाशामक. ते गिधाडांचं शरीर झटपट मोडून टाकतं आणि मूत्रपिंडाला काही होत नाही. हे आधी आफ्रिकेतल्या गिधाडांवर, मग आपल्याकडच्या गिधाडांवर तपासून २००६ मध्ये प्रसिद्ध झालं.

गिधाडं गेल्यावर

मेलेली जनावरं कुजत पडू लागली, कुत्र्यांना मेजवानी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार १९९२ ते २००६ या काळात भारतात कुत्र्यांची संख्या त्यामुळे सुमारे ५५ लाखांनी वाढली आणि रेबीजने सुमारे ४८ हजार जादा मृत्यू झाले. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी आणखी व्यापक हिशेब मांडला. गिधाडं जिथे पूर्वी भरपूर होती त्या भागांत ती गेल्यानंतर मृत्यूदर वाढला आणि २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख जादा माणसं दगावली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे आकडे अंदाजच आहेत आणि त्यांवर वाद होऊ शकतो. पण गावाबाहेरच्या मेलेल्या जनावराशेजारी पंधरा-वीस कुत्र्यांची टोळी मी स्वतः बघितली आहे आणि संध्याकाळी त्या वाटेने पोरांना पाठवायला बायका घाबरायच्या, तेही.

मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीवर पारशी समाजाची अडचण आणखी वेगळी झाली. शतकानुशतकांची अंत्यविधीची पद्धत गिधाडांवर उभी होती आणि गिधाडंच येईनाशी झाली. शेवटी तिथे सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. गिधाडांशी इतकं जिव्हाळ्याचं नातं असलेला समाज आपल्याच शहरात आहे, हे आम्ही पशुवैद्यकांनी कधी मनात आणलं नव्हतं.

बंदी आणि ३० मिलिलिटरची बाटली

मे २००६ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बनवणं थांबवण्याचे आदेश दिले आणि २००८ मध्ये राजपत्रात अधिसूचना निघाली. नेपाळ आणि पाकिस्ताननेही २००६ मध्येच बंदी घातली, बांगलादेशने २०१० मध्ये. शोध लागल्यापासून तीन वर्षांत एवढं होणं ही मोठीच गोष्ट होती.

पण माणसांचं डायक्लोफिनॅक राहिलं आणि राहायलाच हवं होतं. तेही ३० मिलिलिटरच्या बाटलीत मिळायचं. कुठल्या माणसाला एका वेळी ३० मिलिलिटर लागतं? लागतं ३ मिलिलिटर. एवढी मोठी बाटली परवडायची ती बैलालाच. २००७ ते २०१० या काळात ११ राज्यांतल्या अडीचशेहून अधिक दुकानांत गुप्तपणे चौकशी केली, तेव्हा ३६ टक्के दुकानांत जनावरासाठी मागितल्यावर डायक्लोफिनॅक मिळालं. २०१५च्या जुलैमध्ये सरकारने माणसांचं इंजेक्शन फक्त ३ मिलिलिटरच्या एका मात्रेत विकायचं, असा नियम केला. काही कंपन्या न्यायालयात गेल्या. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नियम कायम ठेवला. तीनशे किलोच्या बैलाला आता चार छोट्या बाटल्या फोडाव्या लागतात आणि ते महाग पडतं. मला हा नियम फार आवडतो. शेतकऱ्याला उपदेश न करता त्याने वाट बदलली.

तोवर इतर औषधांचे दोष बाहेर येत होते. ॲसिक्लोफिनॅक तर गायीच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच बनतं. केटोप्रोफेननेही गिधाडं मरतात. ही दोन्ही जनावरांसाठी भारतात जुलै २०२३ मध्ये बंद झाली. युरोपनेही धडा घेतला नव्हता. स्पेनने २०१३ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकला परवानगी दिली आणि २०२० मध्ये तिथे एक तरुण काळं गिधाड त्याच औषधाने मेलेलं सापडलं.

आज

२०१५च्या मोजणीतून देशात पांढऱ्या पाठीची सुमारे सहा हजार, लांब चोचीची बारा हजार आणि बारीक चोचीची हजारभर गिधाडं उरल्याचा अंदाज निघाला. हरियाणातल्या पिंजोरसह चार मोठ्या केंद्रांत त्यांची पैदास होते. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरहून २० गिधाडं महाराष्ट्रात आणली, दहा ताडोबा-अंधारीत आणि दहा पेंचमध्ये. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावला पांढऱ्या पाठीची गिधाडं टिकून आहेत. नाशिककडे अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची आहेत. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वीण करण्याजोगं व्हायला पाचेक वर्षं जातात. त्यामुळे मोजणीत आकडा जरासा वर सरकला तरी मला आनंद होतो.

माझ्या बॅगेत आता मेलॉक्सिकॅम असतं, दर किलोला अर्धा मिलिग्रॅम. टोल्फेनामिक आम्लही गिधाडांना निर्धोक ठरलं आहे. नव्या मुलांना मी एकच सवय लावतो: दुकानदार जे देईल ते न घेता बाटलीवरचं औषधाचं नाव वाचायचं, कंपनीचं नाव नाही.

गेल्या वर्षी एका ओळखीच्या घरी म्हातारी गाय खाली बसली होती. वय झालेलं, उठण्याची आशा नव्हती. मी तिला मेलॉक्सिकॅम दिलं, त्रास कमी झाला, दुसऱ्या रात्री ती गेली. सकाळी मालकाने जेसीबीवाल्याला फोन लावला. मी म्हणालो, हिच्या अंगात घातक असं काही नाही, माळावर उघडी ठेवली तरी चालेल. तो थोडा वेळ माळाकडे बघत राहिला. वर आभाळ मोकळं होतं, एक घारसुद्धा नव्हती.

"आता कोण येणार खायला, साहेब?" तो म्हणाला. "कुत्रीच की."

आम्ही खड्डा काढला.